धातू, बंध आणि रंग : संक्रमणी धातूंच्या जटिल संयुगांचा अभ्यास कसा करावा?

मोरचुदाचा निळा खडा आपल्याकडे कोणाला अपरिचित नाही. द्राक्षबागेवर फवारण्याचे बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुना यांपासूनच तयार होते. हाच खडा परीक्षानळीत तापवला तर त्याची निळाई जाते आणि पांढरी भुकटी उरते. त्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब टाकले की निळाई परत येते. मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात अमोनियाचे द्रावण थोडे थोडे घालत गेले तर प्रथम फिकट निळा साका तयार होतो आणि मग तो विरघळून गडद, गहिरा निळा रंग प्रकट होतो. या सर्व अवस्थांत तांबे तेच आहे. त्याचा विद्युत्‌भारही तोच आहे. बदलले आहेत ते केवळ त्याच्या सभोवतालचे शेजारी. शेजारी बदलल्याने रंग का बदलावा, हा प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास रसायनशास्त्राला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

या उत्तराचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बारावीच्या रसायनशास्त्रात या विषयाचे प्रकरण आहे आणि पदवीच्या वर्गांत तो अधिक विस्ताराने येतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी या ठिकाणी पोहोचतो तेव्हा इंग्रजी संज्ञांचा एक डोंगर त्याच्यासमोर उभा राहतो. पुष्कळ विद्यार्थी येथेच पाठांतराचा आश्रय घेतात आणि काही जण विज्ञानच सोडतात. वस्तुतः अवघड आहेत ती नावे. त्यामागील विचार पायरीपायरीने चढता येण्याजोगा आहे.

वेर्नर यांची दृष्टी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञांना एक कोडे सतावत होते. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांपासून अनेक संयुगे मिळत. एका कोबाल्टमागे तीन क्लोरीन हे प्रमाण सर्वांत समान. परंतु अमोनियाचे रेणू कधी सहा, कधी पाच, कधी चार. सहा अमोनियाचे संयुग पिवळे, पाचाचे जांभळे, तर चाराचे हिरवे किंवा जांभळट. कोबाल्टची संयुजा तीन आहे आणि तीन क्लोरिनांनी ती पूर्ण होते. मग वरचे अमोनिया कशाच्या आधारे चिकटून राहतात?

आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये याचे उत्तर दिले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात, असे त्यांनी मांडले. एक विद्युत्‌भाराची आणि दुसरी शेजाऱ्यांच्या संख्येची. कोबाल्टभोवती सहा जागा ठरलेल्या असतात. त्या जागांवर जे बसतात ते धातूशी घट्ट बांधलेले, आणि जे बाहेर राहतात ते पाण्यात मोकळे होणारे. याची परीक्षा सिल्व्हर नायट्रेटने होते, कारण मोकळे क्लोराइड तेवढेच त्वरित पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. सहा अमोनियाच्या संयुगातून तिन्ही क्लोराइड मिळतात, पाचाच्या संयुगातून दोन आणि चाराच्या संयुगातून एकच. जितके अमोनिया कमी, तितकी क्लोराइडे आत जाऊन रिकाम्या जागा भरतात. एकूण जागा मात्र सहाच.

डेन्मार्कचे सोफस यॉर्गन्सन यांचे मत वेगळे होते. अमोनियाचे रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात, असे ते मानत. त्यांचे प्रयोग इतके काटेकोर होते की त्यांतील पुष्कळ सामग्री पुढे वेर्नर यांच्याच मताला बळ देणारी ठरली. वेर्नर यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्यांनी सांगितले ते शेजारी किती आणि कोठे बसतात, एवढेच. ते का बसतात आणि रंग का देतात, हे सांगण्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉनांचे शास्त्र तेव्हा जन्मास आले नव्हते.

खोलीच्या मध्यभागी धातू

इलेक्ट्रॉन अणूमध्ये ज्या विशिष्ट आकाराच्या प्रदेशांत वावरतो त्यांना कक्षक म्हणतात. पाठ्यपुस्तकांतील ऑर्बिटल ते हेच. संक्रमणी धातूंचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांचे पाच डी-कक्षक. एकाकी अणूत या पाचांची ऊर्जा समान असते. धातूभोवती येऊन बसणाऱ्या अणूला, रेणूला किंवा आयनाला लिगंड म्हणतात. लिगंड आपली इलेक्ट्रॉनांची जोडी पुढे करतो आणि धातू ती स्वीकारतो.

आता एक घनाकृती खोली डोळ्यांसमोर आणावी. तिच्या नेमक्या मध्यभागी धातूचा आयन आहे. चार भिंतींच्या मध्यावर चार लिगंड, छताच्या मध्यावर एक आणि जमिनीच्या मध्यावर एक, असे सहा लिगंड आहेत. वेर्नर यांनी सांगितलेली अष्टफलकी रचना ती हीच. पाच डी-कक्षकांपैकी एकाच्या चार पाकळ्या चार भिंतींच्या मध्याकडे वळलेल्या आहेत. दुसऱ्याच्या दोन पाकळ्या छत आणि जमीन यांच्याकडे असून कमरेभोवती एक कडे आहे. हे दोन कक्षक लिगंडांच्या समोरासमोर येतात. उरलेल्या तिघांच्या प्रत्येकी चार, म्हणजे एकूण बारा पाकळ्या, खोलीच्या बारा कडांच्या मध्याकडे वळलेल्या आहेत. लिगंड भिंतींवर असल्यामुळे हे तिघे त्यांच्यामधील मोकळ्या दिशांत राहतात.

म्हणजे पाच समान कक्षकांचे दोन गट पडतात : समोरासमोरचे दोन आणि मधल्या दिशांतील तीन. पुस्तकात पहिल्या गटाला ई-जी आणि दुसऱ्याला टी-टू-जी म्हटलेले असते. ही सममितीची नावे आहेत. ई म्हणजे समान ऊर्जेचे दोन, टी म्हणजे समान ऊर्जेचे तीन, एवढे लक्षात ठेवले तरी पहिली भीती जाते.

हान्स बेटे यांनी १९२९ मध्ये स्फटिकातील आयनांविषयी हा विचार गणिताने मांडला. लिगंडांना केवळ ऋणभाराचे बिंदू मानले तर समोरासमोरच्या दोन कक्षकांतील इलेक्ट्रॉनांना अधिक प्रतिकर्षण सोसावे लागते, म्हणून त्यांची ऊर्जा वाढते. मधल्या तिघांची तुलनेने कमी राहते. या दोन पातळ्यांमधील अंतराला डेल्टा म्हणतात, आणि या विचाराला स्फटिक क्षेत्र सिद्धांत म्हणतात.

रंगाचे पहिले उत्तर येथे मिळते. पाण्याच्या सहा रेणूंनी वेढलेल्या टायटॅनियमच्या त्रिभारित आयनात एकच डी-इलेक्ट्रॉन आहे. सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषून तो खालच्या पातळीतून वरच्या पातळीत जातो. हिरवा भाग गेल्यावर उरलेला प्रकाश आपल्याला जांभळट दिसतो. जस्ताच्या द्विभारित आयनात डी-कक्षक पूर्ण भरलेले आहेत. वर जाण्यास जागाच नाही, म्हणून त्याची साधी द्रावणे रंगहीन असतात. मोरचुदातील पाणी निघून गेले की तांब्याभोवतीचे क्षेत्र दुर्बळ होते, शोषण दृश्य प्रकाशाच्या पलीकडे अवरक्त भागाकडे सरकते आणि खडा पांढरा दिसतो. अमोनिया आला की क्षेत्र प्रबळ होते आणि शोषण पुन्हा दृश्य भागात आत सरकते, म्हणून निळाई गडद होते.

जेथे हा सिद्धांत थांबतो

चांगल्या विद्यार्थ्याने येथे समाधान मानून थांबू नये. कोणता सिद्धांत कोठे अपुरा पडतो, हे कळणे म्हणजेच तो खऱ्या अर्थाने कळणे होय.

जपानी रसायनशास्त्रज्ञ रिउतारो त्सुचिदा यांनी १९३८ मध्ये प्रयोगांच्या आधारे लिगंडांचा एक क्रम लावला. डेल्टा कमी करणाऱ्या लिगंडांपासून वाढवणाऱ्यांपर्यंत तो साधारणतः असा आहे : आयोडाइड, ब्रोमाइड, क्लोराइड, फ्लुओराइड, हायड्रॉक्साइड, पाणी, अमोनिया, सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड. हा क्रम नीट पाहावा. लिगंड हे केवळ ऋणभाराचे बिंदू असते तर ऋणभारित क्लोराइडने सर्वाधिक प्रतिकर्षण केले असते आणि भाररहित कार्बन मोनॉक्साइडने सर्वांत कमी. प्रत्यक्षात उलट घडते. ऋणभारित हायड्रॉक्साइड हे भाररहित पाण्याच्याही खाली आहे.

दुसरा पेच पोटॅशियम परमँगनेटचा. त्याचा गडद जांभळा रंग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातील मँगनीजची ऑक्सिडीकरण अवस्था अधिक सात असून त्याच्यापाशी एकही डी-इलेक्ट्रॉन नाही. उडी मारणारा इलेक्ट्रॉनच नसेल, तर हा रंग कोठून येतो?

तिसरा पेच निकेल कार्बोनिलचा. लुडविग माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० मध्ये हे संयुग प्रसिद्ध केले. निकेल हा घट्ट धातू सुमारे ५० ते ६० अंश सेल्सियसला कार्बन मोनॉक्साइडशी संयोग पावतो आणि ४३ अंशांना उकळणारा एक रंगहीन, अत्यंत विषारी द्रव तयार होतो. त्याची वाफ २०० अंशांच्या वर तापवली की शुद्ध निकेल पुन्हा मिळते. निकेल शुद्ध करण्याचा एक मोठा उद्योग या क्रियेवर उभा राहिला. येथे धातूवर भार नाही आणि लिगंडावरही नाही. विद्युत्‌भारांच्या आकर्षणावर भिस्त ठेवली तर हे संयुग अस्तित्वातच येऊ नये.

या तीन पेचांचे उत्तर एकच आहे : धातू आणि लिगंड यांच्यात केवळ आकर्षण किंवा प्रतिकर्षण नसते, तर त्यांचे इलेक्ट्रॉन परस्परांत मिसळतात. हा मिसळण्याचा हिशेब म्हणजे रेण्वीय कक्षक सिद्धांत. रेण्वीय कक्षकांच्या पद्धतीचा पाया घालण्यात रॉबर्ट मुलिकन यांचा मोठा वाटा होता. त्यांची पद्धत आणि बेटे यांचा विचार या दोहोंची सांगड जॉन व्हॅन व्लेक यांनी १९३५ मध्ये घातली. पुढे मुलिकन यांना १९६६ मध्ये रसायनशास्त्राचे आणि व्हॅन व्लेक यांना १९७७ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पंधरांचा हिशेब

इलेक्ट्रॉन तरंगासारखे वागतात. दोन तरंग शिखराला शिखर जुळवून मिळाले तर परस्परांना वाढवतात. शिखराला दरी आली तर एकमेकांना पुसतात. दोन अणूंचे कक्षक जवळ आले की हेच घडते. जुळून मिळाले तर दोन केंद्रकांमध्ये इलेक्ट्रॉनांची दाटी होते आणि ऊर्जा उतरते. हा बंधकारक कक्षक होय. विरुद्ध मिळाले तर मधली जागा ओस पडते आणि ऊर्जा चढते. हा बंधविरोधी कक्षक होय. ज्याला जोडीदार मिळत नाही तो जवळपास आहे तसा राहतो. तो तटस्थ कक्षक. मूळ कक्षक जितके, तितकेच रेण्वीय कक्षक मिळतात. हा नियम कधी मोडत नाही आणि आकृती तपासण्याचे ते उत्तम साधन आहे.

अष्टफलकी संयुगात धातूचे उपयोगी कक्षक नऊ : पाच डी, एक एस आणि तीन पी. सहा लिगंडांचे प्रत्येकी एक, म्हणजे सहा. एकूण पंधरा. आता कोण कोणाशी मिसळू शकतो ते पाहावे. धातूचा एस-कक्षक सर्व दिशांना सारखा असतो, म्हणून तो सहाही लिगंडांच्या एकत्रित मेळाशी जुळतो. तीन पी-कक्षक समोरासमोरच्या लिगंडांच्या जोड्यांशी जुळतात. डी-कक्षकांपैकी भिंती, छत आणि जमीन यांकडे वळलेले दोन जुळतात. अशा रीतीने धातूचे सहा आणि लिगंडांचे सहा एकत्र येऊन सहा बंधकारक आणि सहा बंधविरोधी कक्षक होतात.

कडांकडे वळलेले तीन डी-कक्षक मात्र उरतात. भिंतीवरील लिगंड अशा कक्षकाच्या दोन पाकळ्यांच्या नेमका मध्ये असतो. एका पाकळीचे चिन्ह धन आणि दुसरीचे ऋण असल्यामुळे एकीकडे जेवढे मिळवले तेवढेच दुसरीकडे वजा होते आणि बाकी शून्य येते. म्हणून हे तिघे तटस्थ राहतात. सहा, सहा आणि तीन मिळून पंधरा, हिशेब जुळला.

आता इलेक्ट्रॉन भरावेत. सहा लिगंडांच्या सहा जोड्या, म्हणजे बारा इलेक्ट्रॉन, सहा बंधकारक कक्षकांत जातात आणि ते पूर्ण भरतात. धातूचे डी-इलेक्ट्रॉन त्यानंतरच्या जागांत जातात : प्रथम तीन तटस्थ कक्षक, मग दोन बंधविरोधी कक्षक. या दोहोंमधील अंतर तोच आपला डेल्टा. स्फटिक क्षेत्र सिद्धांताचे चित्र येथे जसेच्या तसे मिळते. केवळ त्याचे कारण बदलले आहे. वरचे दोन कक्षक प्रतिकर्षणामुळे चढलेले नाहीत, तर बंध निर्माण करताना चुकवावी लागलेली ती किंमत आहे.

शेजारी देणारा की घेणारा?

आता लिगंडाकडे पुन्हा पाहू. तीन तटस्थ कक्षकांना सरळ समोरून जोडीदार मिळाला नाही. परंतु काही लिगंडांपाशी बाजूने मिसळू शकणारे कक्षकही असतात. अशा बाजूच्या बंधाला पाय-बंध म्हणतात. येथे दोन शक्यता उद्भवतात.

क्लोराइडसारख्या लिगंडाचे बाजूचे कक्षक भरलेले असतात आणि त्यांची ऊर्जा धातूच्या कक्षकांहून कमी असते. मिसळल्यावर खालचा कक्षक आणखी खाली जातो, वरचा आणखी वर. लिगंडाचे इलेक्ट्रॉन खालच्या जागा घेतात, म्हणून धातूच्या वाट्याला वरची जागा येते. तटस्थ तीन कक्षक वर सरकतात आणि डेल्टा आक्रसतो.

कार्बन मोनॉक्साइडचे चित्र याच्या उलट आहे. त्याचे बाजूचे बंधविरोधी कक्षक रिकामे आणि ऊर्जेने वरचे आहेत. मिसळल्यावर धातूचे तीन कक्षक खाली जातात आणि त्यांतील इलेक्ट्रॉन अंशतः लिगंडाकडे पसरतात. डेल्टा रुंदावतो. अमोनियापाशी बाजूने मिसळणारा योग्य कक्षक नाही, म्हणून तो क्रमात मधोमध आहे. पहिल्या पेचाचे उत्तर असे मिळाले : क्रम ठरतो तो शेजारी देणारा आहे, घेणारा आहे की केवळ सरळ बंध करणारा आहे यावरून.

दुसऱ्या पेचाचे उत्तरही याच आकृतीत आहे. परमँगनेटमध्ये प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन उडी मारतो तो ऑक्सिजनच्या भरलेल्या कक्षकांतून मँगनीजच्या रिकाम्या कक्षकांत. याला भार स्थानांतरण म्हणतात. डी-डी संक्रमणांपेक्षा अशा उडीची शक्यता कितीतरी अधिक असते, म्हणून परमँगनेटचा एखादा कणही भांडेभर पाणी रंगवतो.

तिसऱ्या पेचात दोन्ही हातांचा व्यवहार आहे. कार्बन मोनॉक्साइड आपल्या कार्बनाकडील इलेक्ट्रॉनजोडी धातूला देतो आणि धातू आपले डी-इलेक्ट्रॉन त्याच्या रिकाम्या कक्षकांत परत करतो. दिल्याने धातूवर साचणारा ऋणभार परत केल्याने हलका होतो. याचा पुरावा मोजता येतो. धातू परत देतो ते इलेक्ट्रॉन कार्बन-ऑक्सिजन बंधाच्या बंधविरोधी कक्षकात जातात, म्हणून तो बंध सैल व्हायला हवा. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचे कंपन २१४३ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येला आढळते. निकेल कार्बोनिलमध्ये ते सुमारे २०६० आणि क्रोमियम हेक्झाकार्बोनिलमध्ये सुमारे २००० असते. बंध खरोखरच सैल झाला आहे.

पाठ्यपुस्तकातील अठरा इलेक्ट्रॉनांचा नियमही आता पाठ करावा लागत नाही. सहा बंधकारक आणि तीन खाली उतरलेले, अशा नऊ कक्षकांत अठरा इलेक्ट्रॉन मावतात. क्रोमियमचे सहा आणि सहा कार्बन मोनॉक्साइडांचे बारा मिळून अठरा. निकेलच्या संयुगाची रचना चतुष्फलकी असली तरी बेरीज तीच येते : निकेलचे दहा आणि चार लिगंडांचे आठ.

चुंबकाची साक्ष

ही आकृती खरी आहे हे चुंबकही सांगतो. कोबाल्टच्या त्रिभारित आयनात सहा डी-इलेक्ट्रॉन आहेत. भोवती सहा अमोनिया असतील तर डेल्टा मोठा असतो. वर चढण्यापेक्षा खालीच जोडीने राहणे इलेक्ट्रॉनांना स्वस्त पडते आणि सहाही तीन खालच्या कक्षकांत जोड्या करून बसतात. एकही इलेक्ट्रॉन एकटा नाही, म्हणून संयुग प्रतिचुंबकीय. भोवती सहा फ्लुओराइड असतील तर डेल्टा लहान असतो. जोडी करण्याची किंमत त्याहून अधिक पडते, म्हणून इलेक्ट्रॉन पसरतात : चार खाली, दोन वर. चार इलेक्ट्रॉन एकटे राहतात आणि संयुग चुंबकाकडे ओढले जाते. एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या आणि तिच्यात दोन मिळवून येणारी संख्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की अपेक्षित चुंबकीय आघूर्ण मिळते. चार एकट्यांसाठी चार गुणिले सहा, म्हणजे २४, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ४.९.

आपल्या रक्तातील जटिल संयुग

हा अभ्यास केवळ परीक्षेपुरता नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे लोहाचे जटिल संयुग आहे. लोहाच्या चार बाजूंना पॉर्फिरीन वलयाचे चार नायट्रोजन, पाचव्या जागी प्रथिनातील हिस्टिडिनचा नायट्रोजन आणि सहावी जागा प्राणवायूसाठी. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये रक्ताचे चुंबकत्व मोजले. प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनमध्ये प्रत्येक लोहामागे चार एकटे इलेक्ट्रॉन आढळले. प्राणवायू जोडला गेल्यावर एकही नाही. आपण घेत असलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर आपल्या लोहाचे चुंबकत्व बदलत असते.

कार्बन मोनॉक्साइडलाही हीच सहावी जागा हवी असते. देणे आणि परत घेणे या दुहेरी व्यवहारामुळे त्याचा बंध इतका बळकट असतो की हिमोग्लोबिनवर त्याची पकड प्राणवायूच्या सुमारे २०० ते २५० पट आहे. हा आकडा घेऊन एक सोपे गणित करावे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के आहे. पकड २१० पट मानली, तर २१ भागिले २१०, म्हणजे हवेत केवळ ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड असला तरी तो प्राणवायूच्या बरोबरीचा वाटेकरी होतो. अशा हवेत पुरेसा वेळ राहिल्यास अर्धे हिमोग्लोबिन निकामी होते. हजारात एक भाग, आणि तोही रंग नसलेला, वास नसलेला.

थंडीत दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे किंवा हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर लावणे प्राणघातक का ठरते, ते या गणितावरून स्पष्ट व्हावे. अपुऱ्या हवेत इंधन अर्धवट जळते आणि हा वायू निर्माण होतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, ग्लानी ही त्याची लक्षणे आहेत, आणि ग्लानी आली की माणूस स्वतः उठून दार उघडू शकत नाही. अशा वेळी प्रथम ज्योत विझवून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाधित व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. मदतीला जाणाऱ्यानेही त्या खोलीत रेंगाळू नये. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू देतात त्याचे कारणही हाच हिशेब आहे : पकड बळकट असली तरी बंध उलटणारा आहे आणि प्राणवायूचे प्रमाण वाढवले की जागा हळूहळू परत मिळते. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूने ते सुमारे सव्वा ते दीड तासात होते.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम

या विषयाचा अभ्यास पुढील क्रमाने करावा.

पहिली पायरी : धातूची ऑक्सिडीकरण अवस्था काढून डी-इलेक्ट्रॉन मोजावेत. ही मोजणी चुकली की पुढचे सर्व चुकते, म्हणून ती दोनदा करावी.

दुसरी पायरी : खोलीचे चित्र स्वतःच्या हाताने काढावे. खडूचे रिकामे खोके घेऊन त्याच्या सहा बाजूंच्या मध्यावर ठिपके द्यावेत आणि बारा कडांच्या मध्यावर फुल्या कराव्यात. ठिपके म्हणजे लिगंड, फुल्या म्हणजे तीन डी-कक्षकांच्या पाकळ्या. हे एकदा केले की कोणते कक्षक वर आणि कोणते खाली, हे पुन्हा पाठ करावे लागत नाही.

तिसरी पायरी : पंधरांचा हिशेब न पाहता लिहावा. सहा बंधकारक, तीन तटस्थ, सहा बंधविरोधी.

चौथी पायरी : लिगंड देणारा, घेणारा की केवळ सरळ बंध करणारा, हे ठरवून तीन तटस्थ कक्षक वर सरकवावेत, खाली न्यावेत किंवा होते तेथेच ठेवावेत.

पाचवी पायरी : आकृतीवरून चुंबकत्व आणि रंग यांविषयी अंदाज लिहावा आणि मगच पुस्तकातील उत्तर पाहावे. अंदाज आणि उत्तर जुळले नाही, तर कोणत्या पायरीवर फरक पडला ते शोधावे.

सरावासाठी एक प्रश्न येथे देत आहे. कोबाल्ट क्लोराइडचे गुलाबी द्रावण घेऊन त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर ते निळे होते. गुलाबी आयनात कोबाल्टभोवती पाण्याचे सहा रेणू अष्टफलकी रचनेत आहेत. निळ्यात चार क्लोराइड चतुष्फलकी रचनेत. चतुष्फलकात लिगंड खोलीच्या आठ कोपऱ्यांपैकी एकाआड एक अशा चार कोपऱ्यांवर असतात. मग कोणते डी-कक्षक त्यांच्या अधिक जवळ येतील? भिंतींकडे वळलेले दोन, की कडांकडे वळलेले तीन? खोके हातात घेऊन पाहिले तर उत्तर मिळेल. आणि डेल्टा अष्टफलकाच्या तुलनेत लहान, सुमारे चार नवमांश, का असावा, हेही उमजू लागेल. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. कोबाल्टची संयुगे विषारी आहेत आणि तीव्र आम्ल धोकादायक आहे.

पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यासाठी

पालकांना यातील प्रत्येक संज्ञा समजलीच पाहिजे असे नाही. मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारावे, “आज शिकलास ते मला आपल्या भाषेत सांग.” जे मातृभाषेत सांगता येते ते समजलेले असते, जे सांगता येत नाही ते पुन्हा वाचायचे असते. इंग्रजी संज्ञा परीक्षेसाठी शिकाव्याच लागतील, परंतु त्या समजुतीवर चढवलेला साज असाव्यात, समजुतीची जागा घेणाऱ्या नसाव्यात.

विज्ञानाचे शिक्षण घेऊन पुढे गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेत यावे, संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी एक तास बसावे आणि एखादे अवघड प्रकरण मराठीतून उलगडून दाखवावे. त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. एक फळा, एक खडूचे खोके आणि मोरचुदाचा एक खडा पुरेसा आहे.